नातीसाठी लाकडी बाहुलीघर: दिवाळीपूर्वी बांधणी आणि रंगकाम कसे पूर्ण करावे?

आजोबा, प्रतापनगर:

सर्वांना नमस्कार. माझी सहा वर्षांची नात पुण्याला असते आणि दिवाळीच्या सुट्टीत आईवडील व दोन वर्षांच्या धाकट्या भावासह नागपूरला येते. यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिला मी स्वतः बांधलेले लाकडी बाहुलीघर द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. निवृत्तीनंतर घरातील लहानसहान सुतारकाम मीच करतो. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, विजेचा ड्रिल आणि जिगसॉ एवढी हत्यारे माझ्याकडे आहेत. कालच अनंत चतुर्दशी झाली, त्यामुळे हाताशी सुमारे साडेसहा आठवडे आहेत.

कागदावर आखलेले घर दोन मजल्यांचे आहे. रुंदी २४ इंच, आतपर्यंतचे माप १२ इंच, प्रत्येक मजल्याची उंची १० इंच, एकूण चार खोल्या आणि वर उतरत्या छपराखाली लहानसा माळा. जुन्या दरवाजांच्या कामातून उरलेल्या सागवानी फळ्या घरी पडून आहेत, म्हणून संपूर्ण घर सागवानाचेच करावे असे मला वाटत होते. दुकानदार मात्र एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, घ्या म्हणतात, तर आमच्या ओळखीचे सुतार प्लायचा आग्रह धरतात. दुसरा प्रश्न रंगाचा आहे. पॉलिश करणारा कारागीर मेलामाइन सुचवतो, पण धाकटा नातू हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालतो, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने निर्धोक असा कोणता रंग किंवा पॉलिश वापरावे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. तिसरा प्रश्न असा की घर पुढून दाराप्रमाणे उघडणारे असावे की मागून मोकळे ठेवावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

लकडगंजचा जुना सुतार:

काका, नमस्कार. लाकडाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे नातीकडे असलेल्या बाहुल्यांची उंची. आपण दिलेली मापे १:१२ या प्रमाणात चपखल बसतात, म्हणजे खऱ्या घरातील एका फुटाला बाहुलीघरात एक इंच. जगभर बाहुलीघरांसाठी हेच प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. नवी दिल्लीची आखणी करणारे एडविन लट्यन्स यांनी ब्रिटनच्या राणी मेरी यांच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात जे प्रसिद्ध बाहुलीघर केले, तेही याच प्रमाणातले आहे. या घरात साडेपाच ते सहा इंचांची बाहुली मोठ्या माणसासारखी शोभते. बाजारात मिळणाऱ्या फॅशनच्या बाहुल्या मात्र साडेअकरा इंचांच्या असतात आणि दहा इंच उंचीच्या खोलीत त्या उभ्याच राहू शकत नाहीत. तशा बाहुल्यांसाठी घराचे प्रत्येक माप दुप्पट करावे लागेल, आणि ते घर मग खोलीतील कपाटाएवढी जागा व्यापेल. म्हणून घराचे माप आहे तेच ठेवून त्याला साजेशा लहान बाहुल्या घ्याव्यात, असे माझे मत आहे.

आता लाकूड. आपल्याकडील सागवान उत्तम असणार, आणि आलापल्ली-चंद्रपूरकडचा साग विदर्भातल्या माणसाला किती जवळचा असतो हे मला ठाऊक आहे. तरीही भिंती आणि मजले अखंड लाकडाचे करू नयेत. पातळ, रुंद फळी ऋतूप्रमाणे फुगते व आक्रसते. नागपूरचा दमट भाद्रपद आणि पंचेचाळीस अंशांचा कोरडा मे महिना यांच्यामध्ये बारा इंच रुंदीची फळी वाकल्याशिवाय राहत नाही, आणि चारही बाजूंनी जखडलेली असेल तर तिला चीर पडते. शिवाय सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे जोडाच्या जागा थिनरने पुसून लगेच गोंद लावला नाही, तर पकड कच्ची राहते. सागवानाचा खरा उपयोग ओसरीचे खांब, जिना, उंबरे, खिडक्यांच्या चौकटी आणि प्लायच्या उघड्या कडांवरील पट्ट्या यांसाठी करावा. त्या कामात त्याचे सौंदर्यही दिसते आणि हालचालीचा त्रासही होत नाही.

एमडीएफ रंगाला सुरेख असतो, हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. पण तो जड असतो, त्याच्या कडा पाणी पितात व फुगतात, कडेत स्क्रू मारला की तो फाटतो आणि कापताना उडणारी धूळ इतकी बारीक असते की चांगल्या मुखवट्याशिवाय ते काम करूच नये. माझी पसंती ९ मिमीच्या प्लायला आहे, तोही साधा एमआर (ओलावा सोसणारा) नव्हे, तर बीडब्ल्यूआर (उकळते पाणीही सोसणारा) दर्जाचा. साध्या प्लायचे थर चिकटवणाऱ्या युरिया रेझिनपेक्षा बीडब्ल्यूआरमध्ये वापरले जाणारे फिनॉल रेझिन फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू कमी सोडते, आणि ही वस्तू मुलीच्या झोपण्याच्या खोलीत राहणार आहे. पुढची दर्शनी भिंत ६ मिमीची चालेल. आपल्या मापांना एकूण १८ चौरस फुटांच्या आसपास प्लाय लागेल. ३२ चौरस फुटांच्या एका अख्ख्या शीटमध्ये हे काम आरामात होते, पण लकडगंजच्या लाकूडबाजारात तुकडेही मिळतात. तयार घराचे वजन साधारण नऊ-दहा किलो भरेल. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन वापरण्याचा मोह झाला, तर तिच्यावरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड, ते चालते. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते मुलांच्या वस्तूसाठी घेऊ नये.

मजल्यांच्या फळ्या नुसत्या खिळ्यांवर टेकवू नयेत. बाजूच्या भिंतींना ३ मिमी खोल खाचा पाडून त्यांत बसवाव्यात. नऊ मिमी म्हणून मिळणारा प्लाय बरेचदा साडेआठच भरतो, म्हणून खाचेची रुंदी पट्टीने न आखता त्याच प्लायचा तुकडा उभा धरून आखावी. दोन्ही भिंती एकमेकींना चिकटवून ठेवून खाचांच्या खुणा एकदमच कराव्यात, म्हणजे मजला एका बाजूला कलत नाही. खिडक्या आणि दारे जोडणीपूर्वी कापून घ्यावीत. कोपऱ्यात भोक पाडून जिगसॉ घालावा. जिगसॉचे पाते वर येताना कापते, त्यामुळे वरच्या बाजूच्या कपच्या उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवावी आणि रेषेवर मास्किंग टेप चिकटवावा. जोडणी करताना शिकंजे आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच घर काटकोनात आहे, आणि ही खात्री गोंद ओला असतानाच करता येते.

जिन्याचा विचार मात्र आत्ताच करावा, कारण तो नकाशाच बदलायला लावतो. दहा इंच चढायला प्रमाणात पंधरा पायऱ्या लागतात, प्रत्येक पायरी १७ मिमी उंच आणि २१ मिमी रुंद. असा सरळ जिना साडेबारा इंच जागा घेतो, म्हणजे आपली एक संपूर्ण खोली त्यातच संपते. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांमध्ये भिंतीला लागून असलेले उभे, अरुंद जिने आपण पाहिलेच असतील. तसा जिना केला तर सात-आठ इंचांत भागते आणि तो खोटाही वाटत नाही.

उघडण्याबाबत सांगायचे तर मागची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी आणि दर्शनी भिंत कायमची चिकटवावी. दोन्ही बाजू सुट्या राहिल्या तर घर तिरके डोलू लागते. ते ताठ ठेवण्याचे काम हीच एक भिंत करते. तरीही पुढचे दार उघडणारे हवेच असेल, तर मागे भिंत बसवावी आणि बिजागरीपाशी फट ५ मिमीहून बारीक किंवा १२ मिमीहून मोठी ठेवावी. मधल्या मापाच्या फटीत लहान मुलाचे बोट शिरते आणि दार मिटताना चिरडते.

रंग-रसायन:

आजोबा, वरील उत्तरातील लाकूडकामाशी मी पूर्णतः सहमत आहे. मी रंगांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहिते, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मेलामाइन पॉलिश या कामासाठी नको. त्यात आम्लधर्मी हार्डनर मिसळतात आणि थर पक्का होताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. जेवणाच्या टेबलाला ते शोभते, पण ज्या बंदिस्त खोल्यांमध्ये मूल डोके घालून खेळणार आहे, तिथे ते लावण्याचे काहीच कारण नाही. भिंतींसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्यावा. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमहून (दहा लाख भागांत ९० भागांहून) अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. मात्र हा नियम घरगुती रंगांपुरता आहे, औद्योगिक आणि वाहनांच्या रंगांना नाही. त्यामुळे गॅरेजमधला स्प्रे, कोणतीही माहिती न छापलेली सुटी डबी किंवा माळ्यावर पडून असलेला जुना डबा यांपैकी काहीही वापरू नये. डब्यावर शिशाचे प्रमाण छापलेले असते, ते वाचूनच खरेदी करावी.

रंग निर्धोक आहे की नाही हे केवळ डब्यावर ठरत नाही. तो पूर्ण पक्का झाला आहे की नाही, यावरही ठरते. ॲक्रिलिक रंग दोन-तीन तासांत हाताला कोरडा लागतो, परंतु त्याचा थर खऱ्या अर्थाने कठीण होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. तोपर्यंत दार चौकटीला चिकटते, ओल्या बोटाला रंग लागतो आणि वासही राहतो. तेलाच्या इनॅमलला तर हवेतील ऑक्सिजन शोषून पक्के व्हायचे असते, म्हणून बंद खोलीत त्याचा वास आठवडेच्या आठवडे जात नाही. यासाठी माझी आग्रहाची विनंती आहे की आपण दिवस लक्ष्मीपूजनापासून उलटे मोजावेत. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस असतात, आणि ते वीस दिवस संपूर्णपणे रंगाला द्यावेत. पितृपंधरवड्यात कापणी, खाचा आणि घासकाम करावे, नवरात्रात जोडणी व रंग, आणि दसऱ्याला शेवटचा हात देऊन घर वाऱ्यावर पण उन्हाबाहेर ठेवून द्यावे. नागपुरातून पाऊस परतण्याचा काळही साधारण हाच, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला, असल्यामुळे पक्के होण्याचे दिवस आपोआप कोरड्या हवेत येतात.

रंगाचा क्रमही सांगते. आतल्या भिंती आणि मजले सुटे, सपाट पडलेले असतानाच रंगवावेत, कारण जोडल्यानंतर दहा इंचांच्या कोपऱ्यात ब्रश नीट फिरत नाही. मात्र खाचा आणि खाचांत बसणाऱ्या कडा मास्किंग टेपने झाकून कोऱ्याच ठेवाव्यात. रंगावर लावलेला गोंद रंगाला धरतो, लाकडाला धरत नाही. प्रथम १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग १८० ने घासावे, ओलसर फडके फिरवून उभे राहिलेले तंतू वाळू द्यावेत आणि २२० ने हलकेच साफ करावेत. त्यानंतर प्रायमर आणि दोन पातळ हात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात लवकर पक्के होतात. फळीच्या दोन्ही बाजूंना सारखेच थर द्यावेत. एका बाजूला रंग किंवा कागद आणि दुसरी बाजू कोरी असली, तर ६ मिमीची भिंत हमखास वाकते.

आपल्या सागवानी खांबांना आणि जिन्याला मी चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश सुचवीन. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरील लाखेच्या किड्यापासून ते मिळते, आणि आपल्या गोंदिया भागाशी या लाखेचे जुने नाते आहे. औषधांच्या गोळ्यांवर व मिठायांवर हीच लाख शुद्ध करून चढवतात. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवून, गाळून, कापडाच्या बोळ्याने चार-पाच पातळ हात द्यावेत. स्पिरिट विषारी असते, पण ते उडून जाते. काम करताना मात्र खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. द्रावण ताजेच करावे, कारण फार दिवस ठेवलेले द्रावण नीट कठीण होत नाही. पावसाळी दिवशी हे पॉलिश लावले तर त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून कोरडा दिवस पाहावा. मजल्यांवर मात्र ते नको. मुले पाणी सांडणारच, आणि लाखेवर पाण्याचे पांढरे डाग पडतात. तिथे पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन द्यावे.

धाकट्या नातवाबद्दल एक गोष्ट नक्की ध्यानात ठेवावी. तीन वर्षांखालील मुलांसाठी खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात; तिच्यात पूर्ण मावणारा कोणताही तुकडा घशात अडकू शकतो असे मानतात. या प्रमाणातील भांडीकुंडी, कंदील, उशा हे सारे तिच्यात मावतात. त्यामुळे घराचा भाग असलेले सर्व लहान तुकडे पक्के चिकटवावेत आणि सुटे सामान झाकणाच्या डब्यात वेगळे, उंचावर ठेवावे. दिवे लावणार असाल तर बटणासारख्या बॅटऱ्या अजिबात वापरू नयेत. गिळली गेल्यास ती बॅटरी दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. ५ व्होल्टची यूएसबी पट्टी आणि पॉवर बँक हा त्याहून कितीतरी चांगला पर्याय आहे. तिची तार जाण्यासाठी रंगकामापूर्वीच भिंतीत बारीक खाच पाडून ठेवावी.

महालची लेक:

काका, आपला बेत वाचून फार आनंद झाला. तयार आराखड्यांत दिसणारे परदेशी घर करण्याऐवजी आपल्याकडचे घर करावे, एवढेच सुचवते. पुढे सहा इंचांची ओसरी, तिला चार सागवानी खांब, आत देवघर आणि वर कवेलूचे, म्हणजे कौलांचे, छप्पर. पुण्यात राहणाऱ्या मुलीला आजोबांच्या गावचे घर कसे असायचे, हे खेळताखेळता कळेल.

कवेलूसाठी महागडे काही लागत नाही. पॅकिंगच्या पुठ्ठ्याचा वरचा एक कागद ओलसर करून सोलला की आतली नागमोडी बाजू मोकळी होते. तिच्या दीड इंच रुंद पट्ट्या कापून खालून वर, एकावर एक थोड्या चढवत चिकटवाव्यात आणि विटकरी रंगाच्या दोन-तीन छटा मिसळून रंगवाव्यात, कारण जुने छप्पर कधीच एकरंगी नसते. खळीने चिकटवल्यास झुरळे लागतात, म्हणून फेव्हिकॉल वापरावा आणि पट्ट्यांच्या कडाही रंगाने बंद कराव्यात. खांब गोल हवे असतील, तर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणाऱ्या कारागिरांकडे विचारून पाहावे. एवढे लहान खांब खरादावर काढून देणारे हात त्यांच्यात सापडतील. त्याच कारागिराकडून पाच इंचांचा एक बैलही करून घ्यावा आणि अंगणात उभा करावा.

बाहुल्यांसाठी सुती कापडाच्या, आत तार घातलेल्या साडेपाच इंचांच्या बाहुल्या घरीच होतात. तारेची टोके आत वळवून शिवून टाकावीत. आजीला नऊवारी नेसवता येते आणि जुन्या साडीच्या काठाचा त्यासाठी चांगला उपयोग होतो.

आजोबा, प्रतापनगर:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आता निर्णय असा केला आहे की भिंती व मजले बीडब्ल्यूआर प्लायचे, खांब आणि जिना सागवानाचा, मागची बाजू मोकळी, पुढे ओसरी आणि वर कवेलू. बाहुल्या शिवण्याचे काम नातीच्या आजीने आनंदाने स्वीकारले आहे. दसऱ्याची मुदतही पक्की धरली आहे.

एक शंका उरते. सुट्टी संपल्यावर नात हे घर पुण्याला नेण्याचा हट्ट धरणार, हे उघड आहे, आणि ती मंडळी रेल्वेने जातात. छपरासह घराची उंची २७ इंचांच्या वर जाते. ते सुटे होईल असे बांधावे काय?

लकडगंजचा जुना सुतार:

काका, संपूर्ण घर सुटे होणारे करू नये. प्रत्येक जोड स्क्रूवर ठेवला तर दोन-चार वेळा उघडमिट झाल्यावर प्लायमधील भोके सैल होतात. फक्त छप्पर आणि ओसरी सुटी ठेवावी. छपराच्या दोन्ही उतरत्या फळ्या आढ्यापाशी एकमेकींना कायमच्या चिकटवून त्यांचा एकच भाग करावा. भिंतींच्या त्रिकोणी टोकांना आतून सागवानी पट्ट्या ठोकाव्यात आणि त्यांतून चार स्क्रूंनी छप्पर आवळावे. स्क्रू माळ्याच्या आतून येतात, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. स्क्रूसाठी प्लायऐवजी सागवानी पट्टीच वापरण्याचे कारण हे की तिच्यात आटे टिकतात. ओसरीचा ओटा, खांब व तिचे छप्पर असा एक वेगळा सांगाडा करून तो खालून दोन स्क्रूंनी जोडावा.

मात्र एक धोका असा की छप्पर दिसले की कोणीही घर त्यालाच धरून उचलते. म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींत, वरच्या मजल्याच्या फळीच्या लगेच खाली, चार इंच लांब आणि सव्वा इंच रुंद अशी पकडीची आडवी खाच आरपार कापावी आणि तिच्या कडा चांगल्या गोल घासाव्यात. तिथे मजल्याची फळी हाताला आधार देते, आणि बाहेरून ती खाच झरोक्यासारखी दिसते.

प्रवासात मुख्य भाग दर्शनी भिंतीवर आडवा ठेवला तर त्याची उंची तेरा इंचांच्या आसपास राहते. बर्थखालची जागा आधी मोजून घ्यावी. मोकळ्या मागच्या बाजूवर पुठ्ठा बांधावा, रंगवलेल्या भिंतींवर प्लॅस्टिक थेट न गुंडाळता आधी सुती चादर गुंडाळावी, कारण नव्या रंगाला प्लॅस्टिक चिकटते, आणि सहा स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी माळ्यातच टेपने चिकटवून द्यावी.